दारात आलेला धर्म

साशंक : बाई, माझा पहिला आक्षेप वयावर आहे. मॉर्मन पंथात, म्हणजे ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’मध्ये, 2012 पासून मुलगा अठराव्या वर्षी धर्मप्रचाराला निघू शकतो; मुलीसाठी ही अट 2025 पर्यंत एकोणीस वर्षांची होती. मुलानं दोन वर्षं द्यायची, मुलीनं दीड. ज्यानं अजून घर चालवलेलं नाही, कर्ज फेडलेलं नाही, जवळच्या माणसाचं मरण पाहिलेलं नाही, तो परक्या गावात कुणाच्या उंबऱ्यात उभा राहून जन्ममरणाचा उलगडा करून सांगणार. आणि ऐकणार कोण? जिनं दुष्काळ काढले, नवरा गमावला, पोरं एकटीनं वाढवली, अशी पन्नाशीतली बाई. उपदेश करायला अधिकार लागतो, असं आपल्या बीदर भागात मानतात. तो जन्मानं मिळत नाही, हे बसवण्णांनी आपल्या शेजारच्या कल्याणात बाराव्या शतकात सांगितलं. पण तो सोसल्याशिवाय आणि साधनेशिवायही मिळत नाही. या पोरांकडे यातलं काय आहे?

समर्थक : गुरुजी, अधिकार लागतो हे मला मान्य आहे, पण तो आधी मिळवायचा आणि मग बोलायचं, असं आपणही कुठे करतो? जोग महाराजांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे मिसरूड न फुटलेली पोरं चार वर्षं शिकतात आणि मग गावोगाव कीर्तनाला उभी राहतात. ऐकायला बसलेल्यांत त्यांच्या आजोबांच्या वयाची माणसं असतात आणि कीर्तन संपलं की तीच माणसं या पोरांच्या पाया पडतात. आपण त्या पोराला आयुष्याचा दाखला मागत नाही. तो ज्या परंपरेच्या वतीनं बोलतो तिला मान देतो.

आता या मिशनरी पोराचा आठवडा बघा. सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम करायचा, मग एकट्यानं ग्रंथ वाचायचा, मग जोडीदाराबरोबर. दिवसभर भेटीगाठी, शिकवणं, आणि आठवड्यात काही तास निव्वळ सेवेचे, म्हणजे कुणाचं सामान हलवणं, आवार झाडणं, इंग्रजी शिकवणं. रात्री साडेदहाला दिवे बंद. एक दिवस कपडे धुण्याचा, बाजाराचा आणि घरी पत्र लिहिण्याचा. रविवारी प्रार्थना. पगार नाही, खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. घरी फोन करायची मुभा 2019 पर्यंत वर्षातून जेमतेम दोनदा होती, आता आठवड्यातून एकदा आहे. त्यातली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे तो जोडीदार. तो आपण निवडायचा नसतो, नेमून दिलेला असतो. त्याच्याबरोबर एका खोलीत राहायचं, त्यानं करपवलेली भाजी खायची, त्याच्याशी भांडून पुन्हा त्याच्याच शेजारी गुडघे टेकायचे. आणि जेमतेम सवय होते तोवर बदली होते. अठराव्या वर्षी एवढं शिकायला मिळालं तर त्याला सोसणं म्हणायला काय हरकत आहे?

साशंक : तुम्ही सांगितलेला हाच आठवडा मला अस्वस्थ करतो. त्यात एकांत नाही. शंका यायला माणूस थोडा वेळ एकटा असावा लागतो. संध्याकाळी रानातून परत येताना, रात्री गच्चीवर पडल्या पडल्या कधीतरी मनात येतं की मी सांगतोय ते खरं आहे का? इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत दुसरा सोबत आहे आणि मिनिटामिनिटाचा हिशेब आहे. मग आठवड्याच्या शेवटी आकडे वर कळवायचे असतात. नव्या किती जणांना शिकवलं, रविवारी प्रार्थनेला किती आले, बाप्तिस्म्याची तारीख किती जणांनी ठरवली. माझा खरा आक्षेप इथून सुरू होतो. आवार झाडलं, सामान हलवलं, ते चांगलंच झालं. पण ज्याचं आवार झाडलं तो माणूस शनिवारी कुठल्यातरी रकान्यात जाऊन बसत असेल, तर ती सेवा होती की सुरुवात होती? आपल्या शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांनी, दासोह सांगितला. त्यात आपल्या कष्टातलं समाजाला द्यायचं आणि देताना मी देतो हा भावही सोडायचा. ज्या सेवेत हेतू आहे, ती घेणाऱ्याला बांधून ठेवते.

समर्थक : हेतू असलेली सेवा घेणाऱ्याला बांधते, हे आपल्याच इतिहासाला धरून नाही, गुरुजी. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, ते लोकांना ख्रिस्ती करायलाच. अमेरिकन मराठी मिशननं त्यात कधी लपवाछपवी केली नाही. पुढे अहमदनगरला त्याच मिशनच्या सिंथिया फरार बाईंनी मुलींना शिकवलं. तिथे अध्यापनाचं शिक्षण घेऊन सावित्रीबाई पुण्यात शिकवू लागल्या. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. दोघांपैकी कुणीही ख्रिस्ती झालं नाही. मिशनरींच्या मनात एक होतं, फुल्यांनी त्यातून दुसरंच उभं केलं. मिरजेला विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय सुरू केलं. तिथे बरे होऊन गेलेले हजारो लोक आपापल्या देवाला नवस फेडत घरी गेले. देणाऱ्याचा हेतू देणाऱ्यापाशी राहतो. घेणारा काय घेईल आणि काय दारातच ठेवून जाईल, हे त्याच्या हातात असतं.

साशंक : ते त्याच्या हातात असतं, पण पोट भरलेलं असेल तरच. जोतीरावांच्या घरी फुलांचा धंदा होता, मळा होता. मिशनची शाळा सोडली तर उद्या उपाशी राहायची वेळ त्यांच्यावर येणार नव्हती. म्हणून त्यांना शिक्षण घेऊन धर्म नाकारता आला. 1896-97 चा दुष्काळ घ्या, नाहीतर 1899-1900 चा. त्या काळात मिशनच्या आश्रयाला आलेल्या माणसांना ही मोकळीक कितपत होती? पंडिता रमाबाईंबद्दल मला अपार आदर आहे. त्यांनी दुष्काळी भागातून मुली आणल्या, केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांना जगवलं, कामधंदा शिकवला. रमाबाई नसत्या तर त्यांतल्या कितीतरी मुली रस्त्यावर मेल्या असत्या. तरीही मी विचारतो, जिची भाकरी, कपडे, छप्पर, शाळा आणि प्रार्थना सगळं एकाच आवारात आहे, तिनं प्रार्थनेला नाही म्हणायचं कसं? तिला कुणी जबरदस्ती केली, असं मी म्हणत नाही. नाही म्हटल्यावर जायला तिला दुसरी जागा नव्हती, एवढंच म्हणतो.

समर्थक : हाच प्रश्न मी तुम्हाला उलटा विचारते. त्याआधी तिला जागा होती का? ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, देवळाच्या पायरीपलीकडे जाता येत नव्हतं, त्यानं त्या धर्मात राहणं हा त्याचा मोकळेपणानं घेतलेला निर्णय होता, असं तुम्ही म्हणाल? मिशनरी त्याच्या दारात आला, त्याच्या कितीतरी आधी गावानं त्याला नकार दिलेला होता. आपल्या बीदर जिल्ह्यात मेथडिस्ट मिशनचं काम शंभराहून अधिक वर्षांचं आहे आणि त्या चर्चमध्ये आलेली बहुतेक घरं गावकुसाबाहेरचीच. पोटासाठी गेले, असं म्हणून त्यांचा विषय संपवतात. मग पुढचं बघा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना ठेवल्या. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. म्हणजे आज जो नातू उघडपणे ख्रिस्ती म्हणून राहतो, तो त्यासाठी किंमत मोजून राहतो. आजोबा भाकरीसाठी गेले असं क्षणभर धरून चालू. मग नातू नुकसान सोसून का थांबला? त्याच्या थांबण्याला श्रद्धा म्हणायला आपली जीभ का अडखळते?

साशंक : नातवाच्या श्रद्धेपुढे मी हात जोडतो. पण मॉर्मन मिशनरी गावकुसाबाहेर दवाखाना काढायला आलेला नाही. त्याचं काम मुख्यतः शहरात चालतं. बेंगळुरूला त्यांचं स्वतंत्र मिशन 1993 पासून आहे. भारतातला त्यांचा पहिला ‘स्टेक’, म्हणजे अनेक मंडळ्या एकत्र करून केलेला विभाग, 2012 मध्ये हैदराबादला झाला. 2018 मध्ये बेंगळुरूला मंदिर बांधण्याची घोषणा झाली. आणि कमलनगर, औराद, भालकीची आपली पोरं कामाला जातात ती याच शहरांत. दहा बाय दहाच्या खोलीत तिघं राहतात, बारा तास ड्यूटी, भाषा अर्धीमुर्धी. घरी सांगायचं ते सगळं ठीक चाललंय म्हणून. अशा पोराच्या दारात पांढरा शर्ट, छातीवर काळी नावपट्टी, असे दोन त्याच्याच वयाचे तरुण येतात. नाव विचारतात, पुढच्या आठवड्यात ते लक्षात ठेवून येतात. इंग्रजी शिकवतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. बाई, एकटेपण हीसुद्धा एक भूक आहे. आणि त्या भुकेवर जुळलेली मैत्री काही आठवड्यांनी बदली झाली की संपते. जागेवर नवा जोडीदार येतो, तोच धडा पुढे चालू होतो. मग ती मैत्री त्या पोराशी होती, की त्याच्या बाप्तिस्म्याशी?

समर्थक : दोन्हींशी असू शकते. आई मुलाला जेवू घालते आणि त्यानं शिकावं असंही तिला वाटतं. दुसरं मनात आहे म्हणून पहिलं खोटं ठरत नाही. पण तुमच्या चित्रातली एक गोष्ट मला टोचते. त्या खोलीचं दार आधी कुणी वाजवलं होतं का? गावच्या मंडळानं, नातेवाइकांनी, गणपतीची वर्गणी घ्यायला आलेल्यांनी त्याला विचारलं होतं का, की बाबा, जेवलास का? एकटेपणाचा फायदा घेतला हा आरोप करायचा, तर त्या पोराला एकटं कुणी सोडलं, हेही बोलावं लागेल.

शिवाय हे तरुण दार वाजवतात म्हणून लोक भराभर हो म्हणतात, असं अजिबात नाही. ह्यू फिंडले हा त्यांचा प्रचारक 1852 मध्ये मुंबईला आला, मग पुण्यात राहिला. लष्करी छावणीत त्याला प्रचार करू दिला नाही. काही वर्षांत त्याच्या हाती लागली ती मूठभर माणसं, आणि मिशन गुंडाळलं गेलं. आज जगात त्यांचे सत्तर हजारांवर मिशनरी फिरत असतील, पण भारतातले त्यांचे सभासद चौदा-पंधरा हजारांच्या घरात आहेत. म्हणजे या पोरांच्या आठवड्यातला बहुतेक वेळ नकार ऐकण्यात जातो. दार उघडतं, पाणी मिळतं, दोन शब्द होतात आणि दार मिटतं. अठराव्या वर्षी रोज दहा वेळा नाही ऐकायचं आणि अकराव्या दारात तेवढ्याच अदबीनं उभं राहायचं. मला त्या पोराबद्दल माया वाटते.

आणि ते पाणी, गुरुजी. त्यांच्या धर्मात चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. आपल्याकडे पाहुण्यानं चहाला नाही म्हणायचं म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक आहे. बशीत ओतलेला चहा तसाच राहिला की घरच्या बाईचा चेहरा उतरतो. पण तो मुलगा चहा सगळ्यांकडेच नाकारतो आणि पाणी सगळ्यांकडे पितो. वरच्या आळीत पितो, खालच्या आळीतही पितो. कुणाच्या हातचं पाणी घ्यायचं यावर जिथे माणसाची किंमत ठरत आली, तिथे एका परक्यानं तांब्या तोंडाला लावणं हीच अर्धी शिकवण झाली.

साशंक : पाण्याचं तुमचं म्हणणं मनाला भिडतं. पण ज्या चर्चनं त्याला पाठवलं, त्याच चर्चनं काळ्या वर्णाच्या पुरुषांना 1978 च्या जूनपर्यंत धर्माधिकार दिलेला नव्हता. चूक सगळ्यांकडून होते. पण ‘हाच सत्याचा मार्ग’ असं दारोदार सांगताना त्या मार्गावर कालपरवापर्यंत काय होतं, तेही त्याच बैठकीत सांगायला हवं. तसं न सांगता तारीख ठरवायला सांगितली, तर ऐकणाऱ्याचा होकार अर्धवट माहितीवरचा होतो. आणि ती घाई! बाबासाहेबांनी 1935 मध्ये येवल्याला हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली आणि नागपूरला दीक्षा घेतली ती 14 ऑक्टोबर 1956 ला. एकवीस वर्षं ते वाचत होते, ताडून पाहत होते, प्रश्न विचारत होते. मॉर्मन होण्याची तयारी काही आठवड्यांत उरकू शकते. ज्या निर्णयानं नातीगोती, लग्नकार्य, मेल्यावरची माती सगळं बदलतं, तो इतक्या कमी दिवसांत व्हावा?

समर्थक : बाबासाहेबांनी एकवीस वर्षं घेतली, हे खरं. पण त्या दिवशी दीक्षाभूमीवर जे लाखो लोक उभे होते, त्यांतल्या किती जणांनी बौद्ध ग्रंथ वाचले होते? त्यांनी एका माणसावर विश्वास ठेवला आणि एका दिवसात धर्म बदलला. त्यांचा निर्णय उथळ होता, असं म्हणायला तुम्ही धजणार नाही, मीही नाही. माणूस कधी ग्रंथ वाचून ठरवतो, कधी कुणावर विश्वास टाकून. नारायण वामन टिळकांना आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी गोऱ्या माणसानं नवा करार दिला आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. त्यांनी विरोध केला, वेगळ्या राहिल्या, मनातल्या विटाळाच्या कल्पनांशी झगडल्या आणि 1900 मध्ये स्वतःच्या पायांनी गेल्या. एकाच घरातल्या दोघांचा वेग एवढा वेगळा. आणि तुमच्या पंडिता रमाबाई? 1883 मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा घेतला आणि मग आपल्या गुरुस्थानी असलेल्या भगिनींशीच मतांवरून वर्षानुवर्षं पत्रांतून वाद घातला. धर्म स्वीकारल्यावर त्यांची बुद्धी गहाण पडली नाही.

साशंक : रमाबाई वाद घालू शकल्या, कारण त्या शास्त्रांत पारंगत होत्या. हैदराबादच्या खोलीतला पोरगा कुणाशी वाद घालणार? म्हणून मला आपला सप्ताह बरा वाटतो. सात दिवस गावानं एकत्र यायचं, पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही. पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. शेवटच्या दिवशी काला आणि पंगत. यात कुणी कुणाच्या दारात जात नाही. ज्याला यायचं तो येतो, न येणाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवत नाही.

समर्थक : सप्ताहावर माझाही जीव आहे. पण दारात कुणी जात नाही, असं कसं म्हणता? कर्ण्याचा आवाज पहाटे चारला प्रत्येक घरात शिरतो. आजाऱ्याच्या, परीक्षा असलेल्या पोराच्या, वेगळा देव मानणाऱ्याच्या घरातही. मिशनऱ्याला दार लावता येतं, कर्ण्याला लावता येत नाही. न येणाऱ्याचं नाव लिहून ठेवत नाहीत, कारण छोट्या गावात ते लिहावं लागत नाही. आणि पंगतीत कोण कुठे बसायचं, आचाऱ्याच्या हाताखाली कोण चालतं, हे अजूनही कितीतरी गावांत न बोलता ठरलेलं असतं. या मुलखाला प्रचार नवा नाही, गुरुजी. निजामाच्या राज्यात तबलीग होती, तिला उत्तर म्हणून आर्य समाजाची शुद्धी होती. त्याच समाजाचे भाई श्यामलालजी 1938 मध्ये बीदरच्या तुरुंगात वारले, ते आपला धर्म मोकळेपणानं सांगता यावा, या लढ्यात. आपण सांगतो तेव्हा तो हक्क, आणि दुसरा सांगतो तेव्हा ती फूस?

साशंक : सांगण्याचा हक्क मी नाकारत नाही. घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्मप्रसाराचा हक्क आहेच. फक्त 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं, की प्रसार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. मला ती रेषा महत्त्वाची वाटते.

समर्थक : रेषा ठीक, पण तिच्यावर पहारा कुणाचा? कर्नाटकच्या 2022 च्या कायद्यानं धर्म बदलणाऱ्यानं तीस दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावं, अशी अट घातली. 2023 मध्ये तो रद्द करायचं मंत्रिमंडळानं ठरवलं, पण मुद्दा एका सरकारचा नाही. त्या तीस दिवसांत त्या माणसाच्या दारात कोण येणार? भाऊबंद येणार, गावातली वजनदार माणसं येणार, शेताच्या मालकाचा निरोप येणार. दुबळ्याला वाचवायला म्हणून केलेला कायदा त्याला त्याच्यावर सत्ता असलेल्यांच्याच पुढे उभा करतो. मिशनऱ्याला नाही म्हणणं सोपं आहे. गावाला नाही म्हणणं फार अवघड.

साशंक : मग आपण दोघं एकाच ठिकाणी आलोय, फक्त वेगळ्या बाजूंनी. कायद्यानं हा प्रश्न सुटत नाही, हे मलाही दिसतं. मला त्या मिशनरी पोराची कसोटी एकाच गोष्टीवर घ्यावीशी वाटते. शनिवारी मी त्याला म्हटलं, की बाबा रे, तुझा धर्म मला नको, तर सोमवारी तो माझं सामान हलवायला येतो का? इंग्रजीच्या वर्गात माझी जागा राहते का? राहत असेल, तर त्याच्या हेतूचं मला भय नाही.

समर्थक : आणि माझी कसोटी गावासाठी आहे. शनिवारी मी त्या पोराला हो म्हटलं, तर सोमवारी मला विहिरीवर, किराणा दुकानात, चुलतबहिणीच्या लग्नात तीच जागा राहते का? तुम्ही नकाराचं रक्षण मागता, मी होकाराचं मागते. आणि एक तिसरा माणूस आपण दोघंही विसरतो आहोत. तो अठरा वर्षांचा मुलगा स्वतः. मधल्याच एखाद्या आठवड्यात त्याला वाटलं, की माझा यावर विश्वास उरला नाही, मला घरी जायचंय, तर त्याच्या आईबापांच्या घरात, त्याच्या मंडळीत त्याला मान वर करून परत येता यावं. तुम्ही एकांताचं म्हणालात, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आताही नाही.

साशंक : तिथेच माझी गाठ सुटत नाही. समजा तो मुलगा तुमच्या-माझ्या सगळ्या कसोट्या पाळतो. पण त्याला मनापासून वाटतं, की हे सत्य माझ्यासाठी, माझ्या बायकोसाठी, मेलेल्या पूर्वजांसाठीसुद्धा आहे आणि मी ते गमावतो आहे. मग माझ्या नकारानं त्याला दुःख होणारच. दुःख होऊ देऊ नकोस असं मी त्याला सांगितलं, तर मी त्याच्याकडे मागतो आहे ते हे, की तू थोडा कमी विश्वास ठेव. ते मागायचा मला काय अधिकार?

समर्थक : आणि जे गाव धर्म जन्मानं मिळतो असं मानतं, त्याला माझ्या होकारानं दुःख होणारच. गावाला तू दुःख करू नकोस असं सांगणं म्हणजे तू मला आपलं कमी मान, असं सांगणं झालं. तेही मला नको आहे. दोघांनी दुःख करावं, बोलूनही दाखवावं. पण त्या दुःखाची वसुली माझ्या पाण्यातून, भाकरीतून आणि मैत्रीतून होऊ नये, एवढं तरी आज दोघांकडे मागता येईल. त्यापुढे एकमेकांच्या श्रद्धेला कुठवर दुखवू द्यायचं, हे मला अजून सांगता येत नाही.